‘कॉर्डियल’ आणि आपले अगत्य

‘कॉर्डियल’ (सलोख्याचे, पण फार जवळीक नसलेले) या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, म्हणून ‘आमचे संबंध कॉर्डियल आहेत’ असेच म्हणावे, असे एक मत मांडले जाते. ही अडचण मला रास्त वाटते. उपाय मात्र पटत नाही.

हा शब्द हृदय या अर्थाच्या लॅटिन ‘कोर’वरून आला आणि आपले ‘सौहार्द’ ‘सुहृद्’वरून, म्हणजे दोन्हींच्या मुळाशी हृदयच आहे. तरीही ‘कॉर्डियल’मध्ये जिव्हाळ्याचा दावा नसतो. ब्रिटन व फ्रान्स यांचा १९०४ चा समझोता याच शब्दाने ओळखला जातो, आणि तोही मुख्यतः वसाहतींवरचे तंटे मिटवणारा होता. ती लष्करी युती नव्हती.

मुंबईच्या सोसायट्यांत असे संबंध सर्रास दिसतात: लिफ्टमध्ये विचारपूस होते, समोरच्यांचे कुरिअर न सांगता ठेवून घेतले जाते, दिवाळीत फराळाचे ताट जाते आणि रिकामे परत येत नाही, पण घरोबा म्हणावा इतकी ये-जा नसते. अशा नात्याला ‘सौहार्दपूर्ण’ म्हटले की वाक्य थेट वृत्तपत्रातले वाटते (हा शब्द तिथेच शोभतो). ‘त्यांचे-आमचे बरे आहे’ किंवा ‘आमच्यात सलोखा आहे’ एवढे पुरते.

‘ते कॉर्डियली बोलले’ याला तर ‘अगत्याने बोलले’ हा पर्याय मला मुळापेक्षाही सरस वाटतो, कारण अगत्यात आदब आणि आपुलकी दोन्ही येतात. बहुभाषक कार्यालयात ‘कॉर्डियल’ खुशाल वापरावा. घरात आणि शेजारात त्याची गरज मला दिसत नाही.