मदत हवी आहे: पोकरमध्ये रिव्हरला (शेवटच्या उघड्या पत्त्यावर) ब्लॉकिंग बेटवर (समोरच्याने मोठी रक्कम लावू नये म्हणून आपणच आधी लावलेली लहान रक्कम) रेझ आली, म्हणजे समोरच्याने रक्कम वाढवली, तर काय करता?

मंडळी, नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा, कितीही रक्कम लावता येणारा प्रकार) शेवटच्या फेरीतच माझं गणित सारखं चुकतंय. शनिवारचा डाव बघा. माझ्याकडे बदाम एक्का, इस्पिक गुलाम. बोर्डवर (सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत) चौकट गुलाम, बदाम नव्वी, बदाम चौकी, किलवर दुर्री आणि रिव्हरला नेमका इस्पिक राजा! पॉट (मधे जमलेली रक्कम) 600, पहिली पाळी माझी. स्वस्तात शोडाउन (पत्ते उघडून निकाल) व्हावा म्हणून 150 लावले. समोरच्याने थेट 600 केले. 1350 च्या पॉटसाठी आणखी 450 भरायचे, म्हणजे चारात एकदा जिंकलो तरी कॉल (तेवढीच रक्कम भरणं) फिटतो. पण बदाम एक्का माझ्याच हातात, म्हणजे त्याचा बदामांचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) हुकला असण्याची आणि तो नुसती थाप मारत असण्याची शक्यताही घटते. पत्ते टाकून डाव सोडला, तेव्हापासून चैन नाही. चेक-कॉल (आधी काही न लावता, समोरच्याने लावल्यावर तेवढंच भरणं) बरा होता का? आणि रेझ करायला समोरचा कचरावा म्हणून तुम्ही पक्क्या पत्त्यांवरही अशी लहान बेट लावता का?