मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटचा वीजमीटर हातालाच लागत नाही
नमस्कार मंडळी. पुण्यात जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. सगळे मीटर जिन्याखालच्या खोलीत, तिला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरी काकांकडे, जे बरेचदा मुलीकडे नाशिकला असतात. रीडिंग घेणारा कुलूप बघून परत जातो आणि बिलात सरासरी युनिट लागतात.

भीती पुढची आहे. खरं रीडिंग आलं की साठलेले युनिट एकदम लागणार. दर टप्प्यांचे, १०० युनिटच्या वर लगेच चढतात. मग ते युनिट त्या त्या महिन्यांत विभागून टप्पे लावून घेता येतात ना? कोणी करून घेतलंय का? अर्ज कुठे दिलात?

दुसरं, बिल मालकांच्या नावावर आहे. वीज कंपनीच्या अ‍ॅपवर रीडिंगचा फोटो मी पाठवू शकतो, की त्यांचाच मोबाइल नंबर लागतो? (मालक भले आहेत, पण ओटीपीसाठी फोन केला की अर्धा तास राजकारण ऐकावं लागतं.)

खोली उघडी मिळाली तरी मीटर अगदी वरच्या ओळीत. सेल्फी स्टिक उंच धरली की मीटरच्या स्क्रीनवर आधी तारीख, मग वेळ. केडब्ल्यूएचचा (म्हणजे युनिटचा) आकडा येईपर्यंत हात भरून येतो. व्हिडिओतला स्क्रीनशॉट चालतो का?