मदत हवी आहे: फिरत्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढवायच्यात, अर्ज कुणाकडे करायचा?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडचा. डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. कागदावर ठीक आहे हो, पण भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांना पावसाळ्यात रस्ताच उरत नाही. आमच्या शेजारची आजी बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट ओच्यात बांधून जांबोटीपर्यंत चालत आली. नाव वाचता येत नाही, म्हणून पाकीटच दाखवायचं!

दवाखान्याची गाडी येते, पण डांबरी रस्त्यावरच थांबते, वारही ठरलेला नाही. निदान बाजाराच्या दिवशी यावी. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायचा की जिल्हा पंचायतीत? ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा का? कन्नड अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया टाका, माझं कन्नड बोलण्यापुरतंच आहे.