अनुभव धागा : पोपटाच्या पिल्लाला पिंजरा केवढा घ्यावा?

धागा काढणारा, राजारामपुरी (कोल्हापूर)
पिल्लू मुठीत मावतंय म्हणून दीड फुटी पिंजरा घेतला जातो आणि चार महिन्यांत शेपटी जाळीला घासून झिजते. म्हणून हा धागा. पक्षी कोणता ते आधी लिहा, मग माप इंचात लिहा. "छान माहिती" एवढंच लिहायचं असेल तर राहू दे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आपला हिरवा कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. घरात पाळता येत नाहीत, पिंजरा कितीही मोठा असला तरी. त्यांची मापं इथं विचारू नयेत. इथं बोलायचं ते बजी, कॉकटील, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे असल्या परदेशी पोपटांबद्दल. कॉन्यूर आणि ग्रे असेल तर परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वेबसाइट) नोंदणी लागते.

कसबा बावडा
दुकानात बजीलाच "लव्हबर्ड" म्हणतात, त्यामुळं माप विचारतानाच घोळ होतो. लांबी × खोली × उंची धरा. एका पक्ष्यासाठी ही कमीत कमी मापं :

बजी : १८ × १८ × २४, दोन गजांतलं अंतर अर्धा इंच, त्याहून जास्त नको.
कॉकटील : २४ × १८ × २४, अंतर अर्धा ते पाऊण इंचाच्या आत.
छोटा कॉन्यूर (ग्रीन चीक) : २४ × २४ × ३०, अंतर अर्धा ते पाऊण इंच.
आफ्रिकन ग्रे : ३६ × २४ × ४८, अंतर पाऊण ते एक इंच.

दोन पक्षी असतील तर लांबी दीडपट धरा. पैसे घालायचे ते लांबीत घाला, उंचीत नको. पक्षी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. उंच मनोऱ्यासारख्या पिंजऱ्याचा खालचा निम्मा भाग रिकामाच राहतो. गोल पिंजरा तर नकोच. वर घुमटाकडं गज जवळजवळ येत जातात आणि पाय तिथंच अडकतो.

रंकाळा परिसर
गजांतलं अंतर दुकानदाराला विचारू नका, पट्टी लावून मोजा. पिल्लाच्या बाबतीत हेच माप सगळ्यात आधी बघायचं. मोठ्या पक्ष्याचा पिंजरा बजीच्या पिल्लाला घेतला की ते गजांतून डोकं बाहेर काढतं आणि मागं घेताना मान अडकते.

शाहूपुरी, पशुवैद्यक
"पिल्लाला मोठ्या पिंजऱ्याची भीती वाटते" हे अर्धंच खरं आहे. हातानं भरवायचं पिल्लू असेल तर पिंजराच नको, उबेची पेटी लागते. सेल्फ झालं, म्हणजे स्वतः दाणे सोलून खायला लागलं (बजी साधारण ६ आठवडे, कॉकटील ८ ते १०), की थेट मोठ्या पक्ष्याच्या मापाचा पिंजरा द्यायचा. फक्त मांडणी पिल्लाची ठेवायची. दांडी तळापासून ४ ते ५ इंचांवर, दाणापाण्याच्या वाट्या त्याच उंचीला, तळाची जाळी काढून ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या. पिल्लू धडपडतं, वरच्या दांडीवरून पडलं तर छातीवर आपटतं. न पडता उतरायला लागलं की दर आठवड्याला दांडी थोडी वर सरकवा. वजन रोज सकाळी दाण्याआधी करा. नवीन पिंजऱ्यात वाटी सापडत नाही म्हणून उपाशी राहिलेलं पिल्लू दिसायला अगदी शांत दिसतं.

कसबा बावडा
@शाहूपुरी, जाळी काढायचं बरोबर, पण मग कागद दिवसातून दोनदा बदलायला लागतो. पावसाळ्यात तर नक्कीच. जून ते सप्टेंबर आपल्याकडं सांडलेल्या ओल्या दाण्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

उद्यमनगर, फॅब्रिकेशन
तयार पिंजऱ्यात २४ इंच लांबी मिळत नसेल तर बनवून घ्या, पण काय सांगायचं ते ठरवून या. गॅल्व्हनाइज्ड जाळी स्वस्त पडते, पण तिच्यावर जस्त असतं. पक्षी चोचीनं ते खरवडतो आणि विषबाधा होते. व्हिनेगर लावून ब्रशनं घासलं की सुटं जस्त कमी होतं, सगळं जात नाही. ३०४ स्टील (स्टेनलेस स्टीलची एक प्रत) मागा. चुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नव्हे. वाकवलेल्या जागी किंचित ओढला तर चालतं. बजी-कॉकटीलला २ मिमी तार पुरते, ग्रेला ३ मिमीच्या वरच. सांधे आरगॉन वेल्डिंगचे घ्या, कथलाचं झाळकाम नको, त्यात शिसं असू शकतं. आतून हात फिरवून बघा, टोक बोचलं तर तिथंच घासून घ्या. आणि ऑर्डर द्यायच्या आधी घराचं दार मोजा ओ! ३६ इंची पिंजरा जिन्याच्या वळणावर अडकलेला बघवत नाही.

ताराबाई पार्क
माप बरोबर आहे का ते बघायची सोपी रीत : पक्षी मधल्या दांडीवर बसलेला असताना दोन्ही पंख पूर्ण पसरले, तर कुठंच लागता कामा नयेत, खेळण्यांनासुद्धा. २४ इंचांत चार झोपाळे आणि घंटी लावली की पिंजरा १८ चाच झाला. दोन खेळणी बास. कॉकटीलची निम्मी लांबी शेपटीचीच असते, म्हणून दांडी मागच्या गजांपासून ६ इंच तरी पुढं.

दांडी पेरूच्या फांदीची, कमी-जास्त जाडीची. बजीला साधारण अर्धा इंच, कॉकटीलला पाऊण. सगळीकडं सारखी जाड प्लॅस्टिकची दांडी असली की तळव्याला एकाच जागी भार येऊन फोड होते.

रंकाळा परिसर
स्वयंपाकघरात ठेवू नका, जागा कितीही असली तरी. मटणाच्या रश्श्याच्या फोडणीचा धूर सोसत नाही, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

शुक्रवार पेठ, नदीकडची बाजू
मोठ्या पिंजऱ्याबरोबर एक छोटा प्रवासी पिंजराही घ्या. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेला पूर आला तर ३६ इंची पिंजरा नावेत बसत नाही. पक्ष्याला वळता येईल एवढाच, आत एकच दांडी, तीही खाली. महिन्यातून दोनदा त्यात बसवून दाणे द्या, नाहीतर ऐनवेळी आत जात नाही.

ताराबाई पार्क
दाराचं राहिलंच. वर सरकणारं दार नको, कॉन्यूर ते चोचीनं उचलतो आणि मानेवर पाडून घेतो. बाजूला उघडणारं घ्या, कडीला स्क्रूचा हुक लावा.