इंग्रजीत 'बदलणे'ले इतके शब्द, कोणता कुठं लावाचा?

सेंटरवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्जाचं सेंटर हाय. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला हे सारं मराठीत होऊन जाते, पण बँकेच्या वरच्या हापिसात नाईतर कंपनीच्या कस्टमर केअरले काही पाठवाचं म्हणलं की लोकं म्हणते भाऊ इंग्रजीत लिहून दे. अन् बहुतेकाईले काही ना काही बदलाचंच असते, नाव बदला, नंबर बदला, मोटार बदलून द्या. डिक्शनरीत पाहाव तर चेंज, आल्टर, मॉडिफाय, अमेंड, कन्व्हर्ट, ट्रान्सफॉर्म, रिप्लेस, सगळ्याचा अर्थ एकच लिहेल हाय. एका आजीचा अर्ज पडून हाय, सातबाऱ्यावर मेलेल्या नवऱ्याच्या जागी तिचं नाव चढलं हे बँकेले कळवाचं हाय, तिथं चेंज लिहू का रिप्लेस? गरिबाचा अर्ज शब्दापायी वापस नाई आला पाह्यजे म्हणून इचारून राह्यलो.

इंग्रजीच्या_म्याडम_आर्वी
दादा, यादी पाठ करत बसू नका. समोर बसलेल्या माणसालाच विचारा की जुनं जे लिहिलंय ते पहिल्यापासून चुकलेलं होतं, का तेव्हा बरोबर होतं आणि आता राहिलं नाही? मार्कशीटवर बापाच्या नावात एक अक्षर चुकलं तर करेक्ट. मोबाइल नंबर नवा घेतला, घर दुसरीकडं गेलं तर अपडेट. राजपत्रात छापून नावच दुसरं घेतलं तर चेंज. आपण तिन्हीला 'बदलून द्या' म्हणतो पण तिन्हीचे कागद वेगळे लागतात, शब्द चुकला की तुमचा माणूस नको ते कागद गोळा करत फिरतो.

मोटार वॉरंटीत जळाली तर रिप्लेस लिहा. 'रिप्लेस द ओल्ड मोटर विथ अ न्यू वन', म्हणजे जुनं आधी, मग विथ, मग नवं. सब्स्टिट्यूटचं नेमकं उलटं, तिथं नवं आधी येतं, मग फॉर, मग जुनं. 'सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर' म्हणजे साखरेच्या जागी गूळ घाला. माझे दहावीचे पोट्टे इथंच अडखळतात, शब्दांची जागा उलटी झाली की गूळ काढून साखर घाला असा अर्थ होतो. कबड्डीत बदली खेळाडू येतो तो सब्स्टिट्यूट, हे सांगितलं की त्यांच्या बरोबर ध्यानात राहतं. एक्स्चेंजमध्ये एक देऊन दुसरं घेणं असतं, शर्ट लहान झाला म्हणून दुकानात परत करून मोठा आणला ते एक्स्चेंज. तोच शर्ट शिंप्याकडून उसवून ढिला करून घेतला तर आल्टर.

जुना_कारकून
म्याडमचं बरोबर हाय, पण आल्टर कपड्यालेच राहू द्या, कागदपत्राच्या अर्जात टाकू नका. चेकवरची रक्कम खोडून दुसरी लिहिली त्याले कायद्यात मटेरियल आल्टरेशन म्हणते, १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ८७ त्याच्यावरच हाय. 'प्लीज आल्टर माय डेट ऑफ बर्थ' असं वाचलं की साहेबाच्या डोक्यात पहिले खाडाखोडच येते.

आजीच्या अर्जात चेंजबी नाई अन् रिप्लेसबी नाई. आपल्या फेरफाराले इंग्रजीत म्युटेशन म्हणते. माणूस गेला की वारसाची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते, ती मंजूर झाली का मंग सातबाऱ्यावर नाव चढते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, त्यात फेरफाराची नोंदवही कलम १५० ले हाय. सरळ लिहा, 'द म्युटेशन एंट्री इन माय नेम अ‍ॅज लीगल एअर हॅज बीन सर्टिफाइड', त्याच्यापुढं फेरफार क्रमांक अन् तारीख, आणि फेरफाराची नक्कल जोडा. नुसती लिहिण्यातली चूक असन, आडनावातला काना राह्यला असन, तर ते कलम १५५, तिथं करेक्शनच म्हणाचं.

अमेंड कायद्यासाठी ठेवा. घटना अनुच्छेद ३६८ नुसार अमेंड होते, पहिली दुरुस्ती १९५१ ची, अन् १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं उद्देशिकेत समाजवादी, धर्मनिरपेक्ष हे शब्द आले. मूळ दस्तऐवज कायम ठेवून त्यात रीतसर दुरुस्ती, हे अमेंड. मोबाइल नंबर कोणी अमेंड करत नाई.

वावरातला_माणूस
मी आपलं शेतीतलं सांगतो. बीटी कपाशीले भारतात २००२ मध्ये परवानगी भेटली, तिले जेनेटिकली मॉडिफाइड म्हणते. काऊन का कपाशी कपाशीच राह्यली, मातीतल्या एका जिवाणूचं जनुक तिच्यात टाकलं. मूळ चीज तीच अन् एखादा गुण मुद्दाम कमीजास्त केला तर मॉडिफाय. बोंडअळीचा कोष होऊन पतंग निघते तिथं ट्रान्सफॉर्म, पूर्ण रूपच गेलं. कन्व्हर्ट म्हणजे हेक्टरचे एकर करणं, १ हेक्टरचे जवळपास २.४७ एकर होते, आकडा बदलला पण वावर तेवढंच. शेताची जमीन एनए म्हणजे बिगरशेती केली त्यालेबी कन्व्हर्जनच म्हणते, तिथं जमीन तीच राह्यते अन् वापर बदलते.

सेंटरवाला_दारव्हा
लय उपकार झाले सगळ्याईचे, इतकं खुलं करून कोणी सांगत नाई. अजून एक सांगजा. पीककर्जाचं पुनर्गठन मांगाचं असन तर रिअरेंज लिहाव काय? कंपनीच्या मेलमंदी रिशेड्यूल दिसते, कुठं रिस्ट्रक्चर दिसते.

अभ्यासिका_मेहकर
रिअरेंज नको भाऊ. रिअरेंज म्हणजे आहेत तेच तुकडे नव्या क्रमानं लावणं, वर्गातले बाक इकडचे तिकडं केले किंवा पेपरात शब्द उलटेसुलटे देऊन वाक्य जुळवायला सांगतात ते. मंत्री बहुतेक तेच अन् खाती इकडून तिकडं गेली तर रिशफल. अख्खी रचनाच नव्यानं बांधली तर रिऑर्गनाइज, त्याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे, १९५६ च्या स्टेट्स रिऑर्गनायझेशन अ‍ॅक्टनं विदर्भाचे तेव्हाचे ८ जिल्हे १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, महाराष्ट्र त्यानंतर १ मे १९६० ला झाला.

कर्जाच्या पुनर्गठनाला रिस्ट्रक्चर. रिशेड्यूल म्हटलं की मुख्यतः तारखा पुढं जातात, रिस्ट्रक्चरमध्ये मुदत, हप्ता, बाकीच्या अटी सगळंच नव्यानं मांडता येतं. परीक्षेची किंवा मुलाखतीची तारीख पुढं न्यायची तर पोस्टपोन, अलीकडं आणायची तर प्रीपोन, पण प्रीपोन हा आपल्या भारतातल्या इंग्रजीतला शब्द आहे, परदेशी कंपनीला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' टाका.

अन् भाऊ, सही घ्यायच्या आधी शेतकऱ्याला हे नक्की समजावून सांगत जा की रिस्ट्रक्चर म्हणजे माफी नाही. माफीला वेव्ह म्हणतात. आमच्याकडं पुनर्गठनाच्या कागदावर सह्या करून कर्ज माफ झालं असं समजून घरी गेलेली माणसं पाहिली आहेत, अन् व्याज तिकडं चढतच राहिलं.