स्पॅनिश मालिकांतले वाक्प्रचार लक्षात कसे ठेवायचे?

पाटीपेन्सिल
स्पॅनिशची ए-टू (सहापैकी दुसरी) पातळी झाली आहे. इंग्रजी सबटायटल लावून कोलंबियन मालिका बघते. गोष्ट कळते, वाक्प्रचार निसटतात. परवा ‘नो दे पापाया’ ऐकू आलं, पपई देऊ नका! खाली मात्र ‘सांभाळून राहा’ अशा अर्थाचं काहीतरी. यादी करून पाठ केलं तरी बोलताना जिभेवर येत नाही. काय चुकतंय?

उकडशेंगा
आधी इंग्रजी सबटायटलची पट्टी बंद करा. तिच्यात अर्थ उरतो, पपई गळते. स्पॅनिश पट्टी लावा, पण मालिका मूळ स्पॅनिशच हवी. डब केलेल्या मालिकेत आवाजाचं भाषांतर वेगळं आणि पट्टीचं वेगळं असतं. दोन्ही जुळत नाहीत आणि आपल्याला वाटतं, आपलेच कान कच्चे.

अख्खा भाग नको, ३ मिनिटांचा एक प्रसंग घ्या. आधी नुसता ऐका, मग पट्टीसकट, अडेल तिथे ०.७५ वेगाने, शेवटी पुन्हा पट्टीशिवाय. आठवड्याला पाच वाक्प्रचार पुष्कळ झाले. वहीत पूर्ण वाक्य लिहा आणि कोण कोणाला म्हणालं तेही.

तिरपी रेघ
पूर्ण वाक्याचं खरं कारण सर्वनाम. ‘तोमार एल पेलो’ (शब्दशः केस घेणे, म्हणजे फिरकी घेणे) एवढंच पाठ केलं की बोलताना गाडी अडते. पात्र म्हणतं, ‘मे एस्तास तोमांदो एल पेलो’. ‘माझी फिरकी’मधलं ‘माझी’ त्या ‘मे’त आलं. तिथे ‘मी पेलो’ (माझे केस) म्हणालात तर गोष्ट खरोखरच्या केसांवर जाते. ‘मे साका ला पिएद्रा’ही तसंच: माझा दगड काढतो, म्हणजे डोक्यात जातो. ‘मे’ बदलून ‘ते’ (तुझी), ‘ले’ (त्याची, तिची) लावून दोनदा म्हणा, मग वही मिटा.

स्पॅनिश अकादमीच्या कोशात वाक्प्रचार क्रियापदाखाली शोधू नका, नामाखाली असतो: ‘तोमार एल पेलो’ हा ‘पेलो’खाली. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांसाठी २०१० चा ‘दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस’ बघा, ऑनलाइन फुकट आहे.

गावठी कोथिंबीर
देश लिहायला विसरू नका. ‘के पेना’ स्पेनमध्ये ‘अरेरे’, बोगोतात (कोलंबियाच्या राजधानीत) ‘के पेना कोन उस्तेद’ म्हणजे ‘माफ करा हं’. ‘कोखेर’ स्पेनमध्ये बस पकडायला चालतं, मेक्सिको-अर्जेंटिनात ते अश्लील आहे. आणि ‘उस्तेद’ म्हणजे सरसकट ‘अहो’ नव्हे, बोगोतात मित्रही एकमेकांना उस्तेद म्हणतात.

सुरुवातीला ‘यो सोय बेत्ती, ला फेआ’ (१९९९) घ्या. बोगोताच्या बोलीत ‘स’ स्पष्ट ऐकू येतो, किनारपट्टीवर तो गिळतात. ‘जस्सी जैसी कोई नहीं’ याच मालिकेवरून केलेली, त्यामुळे कथा ओळखीची आणि कान भाषेला मोकळे. भांडणांतले शाप मात्र टिपू नका, रोजच्या बोलण्यात ते नाटकी वाटतात. ऑफिसातल्या गप्पा टिपा.

पाटीपेन्सिल
मग पपईपुढे मराठी काय लिहू?

तिरपी रेघ
‘आयतं कोलीत देऊ नका’ जवळचं आहे, पण ते वादातलं. पपई रस्त्यावरची: गर्दीच्या बसमध्ये मोबाइल हातात मिरवणाऱ्याला म्हणतात. वहीत तो प्रसंगच लिहा. आणि तुम्ही ऐकलेलं ‘दे’ उस्तेदचं आहे. ‘तू’ म्हणणाऱ्याला ‘नो देस पापाया’.