‘विरह’ फक्त प्रियकर-प्रेयसीचाच असतो का?

पारिजात_७ :
एका इंग्रजी आत्मकथनाचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडलेय. लिहिणारे स्वतःला ‘प्लूरल’ म्हणवतात, म्हणजे एका शरीरात राहणारे अनेक जण. सगळे मिळून ‘सिस्टीम’, एकमेकांचे ‘हेडमेट’. त्यांतला एक ‘फिक्टिव’ आहे, एका काल्पनिक कथेतून आलेला. त्याला तिथला धाकटा भाऊ आठवतो. भावाच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, त्याचं झोपेतलं बडबडणं, सगळं. आणि हा भाऊ आपल्या जगात कधी नव्हताच. मी लिहिलं, ‘भावाचा विरह सोसवत नाही.’ मैत्रिणीने लाल खूण केली: भावाचा विरह नसतो, प्रियकराचा असतो. माझी आजी तर मावशी सासरी गेल्यावर ‘लेकीचा विरह’ म्हणायची. आजी चुकत होती का? आणि हेडमेटला काय म्हणू?

जुना_कागद :
आजी बरोबर. ‘रह्’ म्हणजे सोडणे. त्यातूनच रहित, विरहित. ‘साखरविरहित’मध्ये कुठला प्रियकर? ज्ञानेश्वरांच्या विरहिणींतला विरह तर देवाचा आहे. शब्दाचा अर्थ आपण आकसून टाकला, त्याची शिक्षा शब्दाला कशाला?

माळावरचा :
व्युत्पत्ती मान्य, पण वाचक धातू वाचत नाही. ‘विरह’ म्हटलं की आज नाट्यपदच कानात वाजतं. साधं ‘त्याची आठवण येते’ लिहा.

पारिजात_७ :
त्याचा एक फायदा आत्ता लक्षात आला! मूळ मजकुरात कोण बोलतंय ते तिसऱ्या पानावर उलगडतं. मराठीत ‘मी उठलो’ लिहिलं की पहिल्याच ओळीत कळतं. ‘मला आठवण येते’मध्ये बोलणारा बाई की बुवा, ते झाकलेलं राहतं. पण ‘आठवण येते’ फार हलकं नाही का? आठवण तर शाळेचीही येते.

दोन_खोल्या :
पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही स्वतः प्लूरल आहोत. ‘डोक्यातली पात्रं’ कृपया लिहू नका, आणि ‘दुभंगलेलं’ तर नकोच. आम्ही घरात ‘आतली मंडळी’ म्हणतो. मराठीने आम्हाला इंग्रजीपेक्षा जास्त दिलंय: आपसात बोलताना ‘आपण’, बाहेरच्यांशी ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आमच्यातली एक जण कथेतून आलेली आहे. ती पुढे असेल, म्हणजे शरीर तिच्या ताब्यात असेल, त्या रात्री दाराची कडी लावू देत नाही. तिचे वडील उशिरा यायचे. ते इथे येणार नाहीत हे तिला ठाऊक आहे, तरी कडी उघडीच. याला आठवण म्हणायचं?

पारिजात_७ :
दोन_खोल्या, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ‘आतली मंडळी’ मी घेतेय.

निरगुडी :
‘मंडळी’ म्हणजे आमच्या आजोबांच्या तोंडी बायको! त्यापेक्षा ‘बिऱ्हाडकरू’?

दोन_खोल्या :
बिऱ्हाडकरू भाड्याने राहतो. आमच्यात घरमालक कोणी नाही.

औषधी :
‘दुभंगलेलं’ची अडचण आणखी एक. त्यामुळे लोक याला स्किझोफ्रेनिया समजतात, तो वेगळा आजार, त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन नियमावलीत १९८० साली ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ होतं, १९९४ साली ते बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ केलं. कारण एका माणसात जादा व्यक्तिमत्त्वं साठतात असं नसून ओळख एकसंध जुळत नाही, यावर भर द्यायचा होता. आणि स्वतःला प्लूरल म्हणवणाऱ्या प्रत्येकाला हे निदान झालेलं नसतं, काहींना ते नकोही असतं. तेव्हा अनुवादात ‘रुग्ण’ घुसू देऊ नका.

निरगुडी :
मूळ प्रश्नावर: ‘सय’ घ्या ना! ‘भावाची सय येते.’ सई म्हणजे सखी, सखीची येते ती सय.

जुना_कागद :
नाही. सखीवरून ‘सई’ आली, ‘सय’ मात्र स्मृतीवरून, प्राकृतातल्या ‘सइ’मधून. दोन वेगळ्या वाटा.

निरगुडी :
वाटा वेगळ्या असतील, माझ्या आईच्या ओवीत त्या एकत्रच यायच्या.

माळावरचा :
‘सय’ कवितेत छान. आज बोलतं कोण?

गंधाली_क :
फिक्टिव जिथून आला त्या कथेला ते ‘सोर्स’ म्हणतात ना? त्याला ‘माहेर’ म्हणा. मग ओढ, सय सगळं आपोआप येतं.

माळावरचा :
माहेरी परत जाता येतं. या भावाकडे जाता येत नाही.

गंधाली_क :
दादा, माझी आई गेली त्या वर्षी दिवाळीला मी पिशवी भरली आणि तशीच पुन्हा सोडली. भाऊ बोलावत होता, घर तिथेच होतं, पण जाऊन उभं कोणापुढे राहायचं? आई गेली की माहेर संपतं असं बायका म्हणतात ते उगाच नाही. शब्द मात्र राहतो. म्हणूनच सुचवला.

दोन_खोल्या :
तिला ‘माहेर’ वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, तिकडे कोणी आपली आठवण काढली तर इथे उचकी लागते का?

निरगुडी :
आमच्याकडे उचकी लागली की एकेकाचं नाव घेतात, ज्याच्या नावाला थांबेल त्याने आठवण काढली. तिला वडिलांचं नाव घेऊन बघायला सांगा.

जुना_कागद :
‘उचकी’ संस्कृत ‘हिक्का’वरून आली असं म्हणतात, मला ते पटत नाही. मधला ‘च’ कुठून आला?

माळावरचा :
आवाजावरून. उच्च, उच्च. म्हणून बघा.